'रोल्ड गोल्ड' हा हरवलेला अल्बम नव्हे

साठच्या दशकातल्या ब्रिटिश पॉपवर आस्थेने लिहिणाऱ्यांत एक मत आता सिद्धान्त होऊन बसले आहे. लंडनच्या केंटिश टाउनमधल्या 'द ॲक्शन' या मॉड बँडने १९६७-६८ मध्ये आज 'रोल्ड गोल्ड' म्हणून ओळखला जाणारा एक थोर अल्बम घडवला, रेकॉर्ड कंपनीच्या नाकर्तेपणाने तो अडगळीत पडला, आणि वेळेवर निघाला असता तर बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या पंक्तीला बसला असता. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. पाठीशी बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन, गायला रेज किंग, पार्लोफोनसाठी पाच सिंगल्स आणि त्यांतली एकही गाजलेली नाही. अन्याय झाला असे वाटायला एवढे पुरेसे आहे.

तरीही हे मत मला मान्य नाही.

पहिला मुद्दा कंपनीचा. पार्लोफोन ही ईएमआयची शाखा. त्याच ईएमआयने मार्च १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये 'टॅमला मोटाउन' हे लेबल सुरू केले, आणि मोटाउनच्या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांच्या मूळ तबकड्या त्या नावाने दुकानांत येऊ लागल्या. 'द ॲक्शन'चे पहिले सिंगल त्याच वर्षीच्या शरदात निघाले. त्यांची सुरुवातीची गाणी बहुतेक याच परंपरेतली: 'इन माय लोनली रूम' मार्था अँड द वँडेलाजचे, 'आय विल कीप होल्डिंग ऑन' मार्व्हलेट्सचे. मॉड तरुण तर अस्सल अमेरिकन सोल संगीताच्या शोधात जीव टाकणारे. मूळ तबकडी हाताशी असताना त्यांनी तेच गाणे इंग्रज बँडचे का विकत घ्यावे? लंडनच्या मार्की क्लबात किंवा पोर्ट्‌समथच्या 'बर्डकेज'मध्ये याच बँडवर ते रात्रभर नाचत. दुकानातला हिशेब निराळा होता. कंपनीने जाहिरातीत हात आखडता घेतलाही असेल, पण देशातला सर्वांत मागणी असलेला निर्माता पाच सिंगल्सपर्यंत ज्यांच्यासोबत राहिला, त्यांची उपेक्षाच झाली असे म्हणवत नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. ज्याला अल्बम म्हणतात ती मुळात डेमो, म्हणजे कच्ची ध्वनिमुद्रणे, आहेत. नव्वदच्या दशकात हीच ध्वनिमुद्रणे आधी 'ब्रेन' आणि मग 'रोल्ड गोल्ड' अशा दोन नावांनी निघाली. ठरलेला, क्रम लागलेला अल्बम असता तर असे झाले नसते. 'सार्जंट पेपर'वर मार्टिन आणि बीटल्स महिनोन्‌महिने राबले. कच्च्या मुद्रणाला त्याच्याशेजारी उभे करून आपण कच्च्यावरच अन्याय करतो.

मग त्यांत आहे काय? रेज किंगचा आवाज आहे. त्या दोन वर्षांत सायकेडेलियाकडे वळलेले कितीतरी ब्रिटिश गायक बालगीतांच्या, परीकथांच्या सुरात पातळ होत गेले. किंग तसा झाला नाही. 'इकेरस' किंवा 'स्ट्रेंज रोड्स' ऐका: भोवती मार्टिन स्टोनची गिटार आणि इयन व्हाइटमनची वाद्ये नव्या वाटेला लागलेली, आणि मधोमध हा माणूस अजून मोटाउनच्याच तळमळीने, छातीतून गातो आहे. मॉडपण टाकून बँड हिप्पी झाला, या दुसऱ्या प्रचलित मताचेही इथे आपोआप खंडन होते. दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात एकमेकींना रेटत आहेत, आणि हा ताण चकचकीत निर्मितीने बहुधा गुळगुळीत केला असता. तो फार काळ टिकणाराही नव्हता. किंग बाहेर पडला, आणि उरलेल्यांनी 'मायटी बेबी' या नावाने १९६९ मध्ये काढलेल्या अल्बमात तो ताण उरलेला नाही.

आणखी एक गोष्ट या हळहळीत विसरली जाते. या बँडचे पुनरागमन डेमोंनी झालेच नाही. १९८० मध्ये 'द अल्टिमेट ॲक्शन' हा सिंगल्सचा संग्रह निघाला, त्याच्या वेष्टनावर गायक पॉल वेलरने लिहिले, आणि नव्या पिढीला हा बँड कळला तो तिथून. 'शॅडोज अँड रिफ्लेक्शन्स' हे १९६७ चे शेवटचे सिंगल आजही त्यांचे सर्वांत पूर्ण काम आहे. ते कुठेही हरवले नव्हते. पुढच्या पुनर्मुद्रणाच्या वेष्टनावर 'डेमो' हा शब्द ठळक छापावा, आणि त्याच संचात ही पाच सिंगल्स आधी लावावीत.