तक्ता आणि वही : अरुण कोलटकरांच्या प्रयोगशीलतेचा अन्वय

मराठी समीक्षेत ‘प्रयोगशील’ हे विशेषण बहुधा दोन गृहीतकांसह वापरले जाते. प्रयोग म्हणजे रूढ व्यवस्थेची मोडतोड, हे पहिले. आणि ही मोडतोड पाश्चात्त्य साहित्यातून आयात झालेली असते, हे दुसरे. अरुण कोलटकरांच्या कवितेचा इतिहास या गृहीतकांच्या आधारे मांडला गेल्याने त्याचे दोन सोयीस्कर खंड पडले. एका बाजूला १९७७ च्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या संग्रहाचा दुर्बोध कवी. दुसऱ्या बाजूला २००३-०४ मध्ये ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ आणि ‘द्रोण’ ही पुस्तके देणारा, प्रयोग मागे टाकून माणसांकडे वळलेला कवी. ही विभागणी कितपत टिकते, हे त्यांच्या एका छोट्या कवितेच्या आधारे तपासता येईल.

कोल्हापुरात जन्मलेले कोलटकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि जाहिरातक्षेत्रात दृश्यसंकल्पनाकार म्हणून त्यांनी नाव मिळवले. १९५४ साली दिलीप चित्रे व रमेश समर्थ यांच्यासह त्यांनी काढलेले ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक लघुनियतकालिकांच्या चळवळीचा आरंभबिंदू मानले जाते. त्यांची मराठी पुस्तके अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढली. अक्षर ही त्यांच्या दृष्टीने केवळ ध्वनीची खूण नव्हती. ती पाहण्याची वस्तू होती. ‘तक्ता’ ही कविता समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

१९७७ च्या संग्रहातील या कवितेचा विषय आहे शाळेच्या भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता. प्रत्येक अक्षराला एक चित्र, प्रत्येक चित्राला एक चौकट. आई, बाळ, शहामृग, योद्धा, गणपती असे सारे आपापल्या जागी सुरक्षित आहेत. कवी या व्यवस्थेला हात लावत नाही. शब्दांची तोडफोड नाही, वाक्यरचनेचा विपर्यास नाही. तो एवढेच सांगतो की या चौकटींतील कोणीही दुसऱ्या चौकटीत शिरून काही करणार नाही. आणि मग या नकाराला हळूच अटी जोडू लागतो. अमुक घडले नाही तर तमुक घडणार नाही. परंतु नाकारण्यासाठी का होईना, हिंसेचा उच्चार करावाच लागतो आणि उच्चारली गेलेली हिंसा वाचकाच्या मनातून पुसता येत नाही. ज्या तक्त्यावर आपण भाषा शिकलो, त्याची शांतता किती अटींवर उभी आहे, हे व्याकरणाच्या साध्या रूपांतून उघड होते. तेव्हा या कवितेतील प्रयोग व्यवस्था मोडण्याचा नाही. ती अक्षरशः पाळून तिच्यातील भय दाखवण्याचा आहे.

योद्ध्याच्या बाणाच्या संदर्भात येथे गणपतीच्या पोटाचा उल्लेख येतो. पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसरातील मूर्तिशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या उल्लेखाचे मर्म अधिक जाणवेल. तेथे एकाच साच्यातून निघालेल्या मूर्तींच्या रांगा असतात. डोळ्यांची आखणी झाल्यावर त्यांतील प्रत्येक मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. तक्त्यातला ‘ग’चा गणपती हा छापील साचा आहे. त्याला इजा होऊ शकते असे नुसते सुचवून कोलटकर त्या साच्यात डोळे आखतात.

आयातीच्या गृहीतकाचे काय? इंगर क्रिस्टेन्सन (१९३५-२००९) या डॅनिश कवयित्रीचा ‘अल्फाबेट’ हा जगभर वाखाणला गेलेला दीर्घकाव्यग्रंथ १९८१ चा. म्हणजे ‘तक्ता’ असलेल्या संग्रहानंतर चार वर्षांनी आलेला. त्याची रचना वर्णक्रमानुसार आहे आणि विभागांची ओळसंख्या फिबोनाची श्रेणीने वाढते : एक, दोन, तीन, पाच, आठ. क्रिस्टेन्सन वस्तूंचे अस्तित्व नोंदवत जातात. झाडांचे अस्तित्व ज्या क्रियापदाने नोंदवले, त्याच क्रियापदाने अणुबॉम्बचेही नोंदवतात. आणि चौदाव्या अक्षराशी, वर्णमाला अपुरी ठेवून, थांबतात. डॅनिश काव्य ‘आहे’वर उभे आहे, मराठी कविता ‘नाही’वर. येथे प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. अण्वस्त्रांच्या छायेत प्रौढ झालेल्या एकाच पिढीच्या दोन कवींना बालपणीच्या वर्णक्रमाकडे परतून जगाच्या सुरक्षिततेची झडती घ्यावीशी वाटली, एवढेच म्हणता येते. तुलनात्मक समीक्षेने ‘कोणी कोणाकडून घेतले’ या प्रश्नाऐवजी अशा समांतर गरजांकडे पाहिले पाहिजे.

आता उत्तरकालीन कोलटकरांकडे वळू. ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले होते. इसिस, कॅसांड्रा, हायपेशिया, राबिया, कण्णगी अशा अनेक संस्कृतींतील स्त्रियांच्या दुःखाची ही वही आहे. पुराणकथा, इतिहास व आख्यायिका यांनी या स्त्रियांना एकेका चौकटीत बसवले होते. कोलटकर त्या चौकटी ओलांडून त्यांना एका वहीत शेजारीशेजारी आणतात. ‘तक्त्या’त अटींनी रोखून धरलेली हिंसा येथे घडून गेलेली आहे, उरले आहेत तिचे अश्रू. तक्ता आणि वही ही दोन्ही शाळेतलीच साधने. पहिल्यात दुसऱ्यांनी ठरवलेली अक्षरे असतात, दुसरीत आपण ती लिहितो, आणि लिहिलेले भिजू शकते.

तक्त्यापासून वहीपर्यंतचा हा प्रवास पाहता उत्तरकालीन कवीने प्रयोग सोडून माणूस स्वीकारला, असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही. माणसाची काळजी त्या पहिल्या तक्त्यातच होती. आपण तिला दुर्बोधता म्हणालो. दोन संग्रहांमधील सव्वीस वर्षांना कवीचे मौन म्हणण्यापूर्वी समीक्षेने आपल्या वाचनातील ही त्रुटी मान्य करायला हवी.