रिखमनचा दांडा आणि शेतातला निंब

सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याच्या शिवारात, वळवाचा पाऊस आला की माणसे निंबाखाली धावतात. फ्रँकलिनचा १७५२ चा पतंग आपण वर्गात सांगतो. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला विजेने दगावलेला रिखमन मात्र राहून जातो. वीज मोजता यावी म्हणून त्याने छतावरील दांड्याची तार जमिनीत न पुरता घरात आणली होती. विजेने तिथून त्याच्या कपाळावर उडी घेतली. झाडाचेही तसेच. खोडापेक्षा माणसाचे शरीर चांगले वाहक, म्हणून वीज बाजूला उडी मारते. आमच्या मते धडा रिखमनपासूनच सुरू करावा. पक्के घर किंवा बंद मोटार जवळ नसेल तर शेवटचा उपाय म्हणून झाडांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. पाय फाकले तर जमिनीतला प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो.