टोपणनावातला वैज्ञानिक

विज्ञान लोकांपर्यंत नेण्याची मराठीतील परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' १८४० मध्ये निघाले, 'सृष्टिज्ञान' १९२८ मध्ये. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या परंपरेचा मुख्य हेतू ज्ञानप्रसाराचा होता. परंतु स्वतः संशोधन करणारा वैज्ञानिक लोकप्रिय माध्यमात लिहू लागतो, तेव्हा एक वेगळा प्रश्न उद्भवतो : वाचक विश्वास ठेवतो तो युक्तिवादावर की नावावर?

१९७४ साली परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते नारायण विनायक जगताप. हे नाव जयंत विष्णू नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून घेतले होते. फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षण-सिद्धान्तामुळे त्यांची कीर्ती तोवर सर्वत्र पसरली होती. त्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, एवढाच या टोपणनावाचा अर्थ घेतला जातो. माझ्या मते तो अधिक खोल आहे.

शोधनिबंधावरील नाव हे उत्तरदायित्वाचे चिन्ह असते. तेथे समव्यवसायी तपासणी करू शकतात. वृत्तपत्राच्या वाचकाजवळ ते साधन नसते आणि म्हणून तेच नाव शब्दप्रामाण्य होऊन बसते. नारळीकरांच्या बाबतीत हा धोका विशेष होता. कारण बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना मान्य असलेला महास्फोट-सिद्धान्त त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारला नाही. केवळ नावावर विसंबणाऱ्या वाचकाला हा मतभेद तोलता येणे अशक्यच.

या पेचातून वाट दाखवते ती त्यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये घेतलेली फलज्योतिषाची चाचणी. हुशार मुले व मतिमंद मुले यांच्या जन्मपत्रिका वेगळ्या ओळखायच्या होत्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. सरासरी यश सुमारे ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी निम्म्या अचूक ठरल्या असत्या! हा निष्कर्ष पटण्यासाठी नारळीकरांचे नाव माहीत असण्याची गरज नाही. येथे वाचकाच्या हाती निष्कर्षाबरोबर पद्धतीही आली.

विज्ञानलेखन 'वाङ्मय' ठरते की नाही, याचीच चिकित्सा आपली समीक्षा करीत आली. तिने आता वेगळा निकष लावावा : ही संहिता वाचकाला लेखकावरच शंका घेण्याचे सामर्थ्य देते काय? नारळीकर २०२५ मध्ये निवर्तले. जगतापांनी विचारलेला हा प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे.