नवव्या स्थानाचा प्रश्न : ‘दशावतार’ ह्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने

विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात हेवी मेटल संगीताची एक शाखा नावारूपास आली. वेगवान विद्युत्-गिटार, कीबोर्डच्या साहाय्याने उभा केलेला मोठ्या वाद्यवृंदाचा नाद आणि सर्व गीतांस बांधणारे अद्भुत कथासूत्र ही तिची प्रमुख लक्षणे होत. तिला सिंफनिक पॉवर मेटल असे नाव आहे. इटलीतील रॅप्सडी ह्या संघाने ‘सिंफनी ऑफ एन्चांटेड लँड्स’ (१९९८) ह्या ध्वनिमुद्रिकेत सर्वस्वी कल्पित अशा भूमीची युद्धकथा गायिली. त्याच वर्षी जर्मनीतील ब्लाइंड गार्डियन ह्या संघाने टोल्किनच्या ‘सिल्मरिलियन’ ह्या ग्रंथावर आपली ध्वनिमुद्रिका रचली. ह्या दोन्ही कृतींतील देवता व राजे ह्यांची पूजा कोठेही होत नाही. त्यामुळे त्यांचा क्रम व संख्या ठरविण्यास रचनाकार मोकळा असतो.

मुंबईत २००० साली साहिल मखिजा ह्यांनी स्थापन केलेल्या डेमॉनिक रेझरेक्शन ह्या संघाचे संगीत वरील शाखेहून अधिक उग्र आहे. त्यात गर्जनायुक्त कंठाचा वापर होतो. तथापि वाद्यवृंदाचा विस्तार आणि अद्भुत कथेची एकसूत्रता ह्या दोन बाबींत ते तिचे निकटचे नातलग ठरते. ह्या संघाची ‘दशावतार’ ही ध्वनिमुद्रिका २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत दहा गीते असून मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास एक गीत दिलेले आहे. गीतांची भाषा इंग्रजी आहे. येथे मात्र कथाद्रव्य कल्पित राज्याचे नसून जिवंत श्रद्धेचे आहे, आणि अशा द्रव्यात यादी करणे हाच एक निर्णय असतो. हा निर्णय कोठे दिसून येतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

प्रथम शीर्षकांचा विचार करू. प्रत्येक शीर्षकात संस्कृत नाम व त्यापुढे इंग्रजी विशेषण अशी जोडी आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन ह्यांच्यापुढे नामाचा सरळ अनुवाद येतो. परशुरामापुढे ‘कुऱ्हाड धारण करणारा’ असा अर्धा अनुवाद येतो. राम हा ‘राजपुत्र’ व कृष्ण हा ‘गोपाळ’ होतो. येथे नामाचा अर्थ मागे पडून भूमिका पुढे येते. कल्कीस ‘मळाचा नाश करणारा’ म्हटले आहे, ते ‘कल्क’ म्हणजे मळ वा पाप ह्या व्युत्पत्तीशी जुळते. नववे शीर्षक ह्या सर्वांहून वेगळे आहे. ‘बुद्ध’ ह्या शब्दाचा अर्थ जागृत झालेला असा आहे. परंतु शीर्षकात त्यास ‘शिक्षक’ म्हटलेले आहे.

हे विशेषण पुराणांतून आलेले नाही. विष्णुपुराणातील मायामोहाची कथा आणि भागवतातील उल्लेख ह्यांत ह्या अवताराचे कार्य देवशत्रूंना मोहात पाडणे हे सांगितले आहे. जयदेवाने बाराव्या शतकात त्यास पशुहिंसेविषयी करुणा बाळगणारा म्हणून गौरविले. ‘शिक्षक’ ह्या कल्पनेचे मूळ शोधू गेल्यास ते ‘शास्ता’ ह्या बौद्ध परंपरेच्याच उपाधीजवळ सापडते. म्हणजे स्थान पौराणिक आणि उपाधी बौद्ध, असा हा संयोग आहे.

आता क्रमाचा इतिहास पाहू. खापा हे कन्हानकाठचे विणकरांचे गाव आहे. त्याच्या पूर्वेस, त्याच जिल्ह्यात, रामटेकची टेकडी आहे. तेथील वाकाटककालीन, म्हणजे पाचव्या शतकातील, मंदिरांत नरसिंह, वराह व त्रिविक्रम ह्यांच्या भव्य मूर्ती आहेत. दहांची मालिका तेथे आढळत नाही. भागवताचा पहिला स्कंध बावीस अवतार मोजून पुन्हा ते असंख्य असल्याचे सांगतो. काश्मीरच्या क्षेमेंद्राच्या ‘दशावतारचरित’ (१०६६) ह्या काव्यात कृष्ण आठवा व बुद्ध नववा आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रिकेचा क्रम हाच आहे. जयदेवाने मात्र आठवे स्थान बलरामास दिले. विदर्भात वाढलेल्या महानुभाव पंथाने दहांऐवजी पंचकृष्णांची गणना केली. मराठी संतवाङ्मयात विठ्ठलास बौद्ध अवतार म्हटल्याची उदाहरणे आहेत. कोकणातील दशावतारी खेळात तर नाव दहांचे असले, तरी रात्रीचे आख्यान एखाद्याच प्रसंगाचे असते. तात्पर्य, ही यादी सर्वत्र एकरूप अशी कधीच नव्हती.

खाप्याच्या दक्षिणेस नागपूर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्म स्वीकारला व आपल्या अनुयायांस बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत नाकारते. त्या दिवसापासून येथील असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने नववे स्थान हा पुराणाभ्यासकांचा शास्त्रार्थ राहिला नाही. ज्या समाजरचनेचा त्याग केला तिच्यात पुन्हा सामावून घेतले जाण्याचा तो प्रश्न झाला. म्हणून ‘दशावतारा’तील आठवे गीत संपून नववे सुरू होते तेव्हा एकाच जिल्ह्यातील दोन श्रोते दोन भिन्न गोष्टी ऐकतात. एकास परिचित मालिकेची पुढील कडी ऐकू येते. दुसऱ्यास आपल्या शास्त्यावर सांगितलेला परका हक्क ऐकू येतो.

ह्यावरून रचनाकारांस दोष द्यावा, असे सुचवावयाचे नाही. त्यांनी रूढ क्रम घेतला, आणि रूढीची शक्ती हीच की तिच्यातील निर्णय पुढे दिसेनासा होतो. परंतु अभ्यासकाने तो दृष्टीआड होऊ देता कामा नये. युरोपीय ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासात कथा अद्भुत म्हणून बाजूस ठेवता येते व संगीतरचनेकडे वळता येते. आपल्याकडे ‘अद्भुत’ हे विशेषण लावण्यापूर्वी ते कोणाच्या दृष्टीने अद्भुत, हे विचारावे लागते. ‘शिक्षक’ हे एक विशेषण नवव्या स्थानाच्या चौकटीत नीट बसत नाही. ते तेथे हेतुपूर्वक आले असो वा सहज, तो विसंवाद हाच ह्या कृतीतील इतिहासाचा सर्वांत प्रामाणिक पुरावा होय.