मातीची वंशावळ

वर्गात एखाद्या पोराला उत्तर आले नाही की आम्ही मास्तर मंडळी चटकन म्हणतो, "अगदी दगड आहेस!" हे शब्द माझ्या तोंडून ज्याने सर्वांत जास्त वेळा ऐकले, तो माझा विद्यार्थी पुढे अमरावतीस भूविज्ञान शिकला. गेल्या दिवाळीत तो जठारपेठेतल्या माझ्या घरी फराळाला आला आणि खिशातून चुनखडीचा एक तुकडा काढून चिवड्याच्या बशीशेजारी ठेवीत म्हणाला, "गुरुजी, तुमची दगडांची पारख जुनी, म्हणून आणला." सौभाग्यवतीने हसू पदराआड लपवले. मी मात्र खजील होऊन तो तुकडा हाती घेतला.

मॅट्रिकपुढे मी गेलो नाही. परंतु त्या संध्याकाळी माझ्याच विद्यार्थ्याने मला जो धडा दिला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

नदी डोंगर झिजवते, गाळ वाहून नेते आणि सखल जागी पसरते. थरावर थर साचतात, वरच्या भाराने दबतात आणि युगे लोटली म्हणजे त्यांचाच खडक होतो. थर उलथेपालथे झाले नसतील तर खालचा जुना आणि वरचा नवा, हा नियम निकोलस स्टेनो या डॅनिश पंडिताने १६६९ साली मांडला. लहानपणी आमच्या शेतात विहीर खणणारा म्हातारा हेच सांगत असे : "विहीर म्हंजे वंशावळ हाये. खालतं आजा, मंग बाप, वरतं पोरगं." त्याने स्टेनोचे नावही ऐकले नव्हते.

पुढे विल्यम स्मिथ नावाच्या एका लोहाराच्या मुलाने इंग्लंडात कालव्यांची मोजणी करता करता ओळखले, की प्रत्येक थरात ठराविक शंखशिंपले सापडतात आणि त्यांवरून दूरदूरचे थर जुळवता येतात. १८१५ साली त्याने आपल्या देशाचा भूस्तरांचा नकाशा छापला. १८१९ साली कर्जापायी तुरुंगही पाहिला. विद्यापीठाची पायरी त्यानेही चढली नव्हती, हे ऐकून मला अंमळ बरे वाटले!

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हारस उसळला, त्याचाच हा आपला काळा पाषाण. पण लाव्हा सारखा वाहत नव्हता. मधून मधून तो थांबे, तळी साचत, झाडे उगवत, गोगलगायी रांगत. आणि मग पुन्हा नवा लोट येऊन सारे झाकून टाकी. नागपूरजवळच्या टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी अशा दोन लाव्हाथरांमधला गाळ तपासला. त्यातली शंखे गोड्या पाण्यातली होती. जिथे आग वाहिली, तिथे एके काळी शांत तळे होते, ही गोष्ट त्या इवल्याशा शंखांनी सांगितली. दोघांचा निबंध १८५५ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्या गाळाचे वय त्यांनी ठरवले, ते पुढच्या संशोधनात टिकले नाही. पण निरीक्षण टिकले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाला.

माझ्या विद्यार्थ्याचा तुकडा मात्र सालबर्डीचा होता. मोर्शी तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या हद्दीवरचे हे गाव आपल्याला महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ठाऊक. तिथे तळाशी जुना वालुकाश्म, त्यावर लमेटा नावाचा चुनखडीचा थर आणि त्याच्या डोक्यावर काळा पाषाण, अशी उतरंड पाहावयास मिळते. अमरावती विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली तिथल्या लमेटा थरातील डायनासोरच्या पुढच्या पायाच्या हाडाची नोंद प्रसिद्ध केली. "पण गुरुजी," तो म्हणाला, "हाडं सापडणं सोपं. वालुकाश्म अन् चुनखडी यांच्यामधे कोट्यवधी वर्षांची पानंच नाहीत. जे साचलं नाही, किंवा साचून वाहून गेलं, ते वाचायला शिकणं, हा खरा अभ्यास."

मग मी भीत भीत आमच्या विहिरीचे विचारले. पूर्णेच्या खोऱ्यात आमचे कोरडवाहू शेत होते. पाणाड्याने हातावर नारळ फिरवून गोड झरा सांगितला. बाबांनी कर्ज काढले. पिवळी माती, वाळू, चुनखडे असे थर ओलांडून चाळीस हातांवर पाणी लागले, आणि ते कडूजहर खारट निघाले! शेत विकावे लागले. विहिरीच्या पूजेत आपल्याच हातून काही चुकले, असे आई आजवर मानीत आली होती.

"पूजेचा काय संबंध?" तो म्हणाला. गाविलगडाच्या पायथ्याशी भूकवच भंगून हे खोरे खचत गेले आणि पूर्णेच्या गाळाने भरत गेले. निचरा मंद, पाऊस बेताचा, ऊन कडक. क्षार त्या गाळातच कोंडून राहिले. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरला आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वाईन यांनी पूर्णेच्या खोऱ्यावर १८६९ सालीच टिपण लिहिले होते. बाबांच्या जन्माआधी कितीतरी वर्षे!

तो गेल्यावर मी हे सारे आईला समजावून सांगितले. थर, गाळ, खचलेले खोरे, सारे. ती पणत्यांत तेल घालीत होती. हात थांबवून तिने सगळे ऐकले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"मंग त्या बिचाऱ्या पाणाड्यालेही आपन उगीचच शिव्या देल्या रे."