कोयना धरण व शिवसागर जलाशय
कोयना धरण व शिवसागर जलाशय : महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, हेळवाकजवळ देशमुखवाडी येथे कोयना नदीवर बांधलेले धरण व त्यामुळे निर्माण झालेला जलाशय. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी दक्षिणेस वाहते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेकडे वळते व कराड येथे कृष्णेस मिळते. या वळणाच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर सह्याद्रीचा कडा कोकणात उतरतो. साऱ्या प्रकल्पाची कल्पना या भूरचनेतच सामावलेली आहे. घाटमाथ्यावरील विपुल पावसाचे पाणी अडवावयाचे, ते बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन सु. ४७५ मी. खाली सोडावयाचे व पोफळी येथील भूमिगत विद्युत्‌गृहात वीज निर्माण करावयाची. वापरलेले पाणी वाशिष्ठी नदीस मिळते.

या स्थळाचा विचार टाटा उद्योगसमूहाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला होता. तथापि तो तडीस गेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई सरकारने योजना पुन्हा हाती घेतली व १९५४ मध्ये काम सुरू झाले. जलसंचय व वीजनिर्मिती यांस १९६२ च्या सुमारास प्रारंभ झाला. धरण दगडी काँक्रीटचे असून त्याची उंची १०३ मी. व लांबी सु. ८०७ मी. आहे. जलाशयाची मूळ क्षमता ९८.७८ अब्ज घ. फुटांची, पुढे ती १०५.२५ अब्ज घ. फुटांपर्यंत वाढविण्यात आली. चार टप्पे व धरणाच्या पायथ्याचे विद्युत्‌गृह मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेवॉ. झाली. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये भरलेल्या जलाशयाच्या तळाला स्फोटाने भोक पाडून पाणी बोगद्यात घेण्यात आले. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर ६७.५ अब्ज घ. फुटांची मर्यादा घातली आहे.

शिवसागराखाली गेलेले खोरे निर्जन नव्हते. पाटण व जावळी तालुक्यांतील अनेक गावे उठली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. तोवर जलाशय भरून एक तप उलटले होते. विस्थापितांपैकी पुष्कळांना जिल्ह्याबाहेर जावे लागले. जमिनीच्या मागण्या अपुऱ्या राहिल्याने २०१८ मध्येही कोयनानगर येथे आंदोलन झाले. विजेचे आकडे देताना ही बाजू सहसा वगळली जाते.

धरणाला जागतिक ख्याती मिळाली ती मात्र भूकंपामुळे. दख्खनचे पठार भूकंपदृष्ट्या स्थिर आहे, असा भूवैज्ञानिकांचा समज असल्याने संकल्पनात गुरुत्वीय प्रवेगाच्या केवळ ०.०५ पट क्षैतिज भार धरलेला होता. पाणी साठू लागताच लहान धक्के जाणवू लागले. परिसरात भूकंपलेखक बसविण्यात आले. सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा धक्का बसला आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सु. ६.३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात सु. १८० माणसे दगावली व कोयनानगरची बहुतेक घरे कोसळली. वीजपुरवठा खंडित होऊन मुंबईलाही त्याची झळ पोहोचली. धरणातीलच प्रवेगलेखकावर धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ पट प्रवेग नोंदला गेला, म्हणजे गृहीत भाराच्या बारापटींहून अधिक. हा आलेख पुढे धरण-अभियांत्रिकीत प्रमाणभूत ठरला. ज्या पातळीवर खालच्या बाजूचा उतार बदलतो तेथे सांडव्याव्यतिरिक्तच्या उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या. परंतु धरण उभे राहिले. भेगा बुजवून त्या खंडांना मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले.

भूकंपाचे कारण जलाशयच की काय, यावर दीर्घकाळ मतभेद होता. आता बहुतेक शास्त्रज्ञ असे मानतात, की खडकांतील विभंगांवर ताण आधीपासूनच साठलेला होता. पाण्याचा भार व खोलवर झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी तो मोकळा होण्यास निमित्त मिळाले. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर धक्क्यांची संख्या वाढते, या निरीक्षणाने या मताला बळकटी आली. दक्षिणेकडील वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्रही तिकडे पसरले. मोठ्या भूकंपानंतर ५ हून अधिक महत्तेचे वीसच्या आसपास धक्के या पट्ट्यात नोंदले गेले आहेत. त्यांच्या उगमाजवळ पोहोचण्यासाठी बेसाल्टाचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइटी पायात उतरणारे ३ किमी. खोलीचे पहिले वेधछिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले.