वनातला शिक्का

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण एका दमात उच्चारतो. पण जुन्या मराठी दफ्तरात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पत्राच्या माथ्यावर उमटे तो शिक्का, म्हणजे मुख्य मुद्रा. आणि मजकूर जेथे संपे तेथे, मागाहून कोणी एखादी ओळ घुसडू नये म्हणून, जी लहानशी मुद्रा उठवीत ती मोर्तब. कागदाला कागद जोडून बंद लांबविला असेल, तर पाठीमागे सांध्यांवरही ठसे मारीत. शिक्का हा शोभेचा दागिना नसून ते एक कुलूप होते, हे यावरून ध्यानात यावे. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी संस्कृत मुद्रेचे आपण पुष्कळ कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु ती सुबक अक्षरे धातूवर उलटी कोरणारा कोणी कारागीर होता, याची आठवण आपल्याला सहसा होत नाही.

ज्यांच्यापाशी मुद्रा नव्हती त्यांचे काय? देशावरचे जुने महजर ज्यांनी चाळले आहेत त्यांना उत्तर ठाऊक आहे. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्या-महाजनाच्या नावापुढे तराजू, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, अशा निशाण्या तेथे काढलेल्या असतात. ज्याचे जे हत्यार, ती त्याची सही. लिहिता न येणाऱ्या माणसालाही गावच्या निवाड्यात स्वतःची खूण होती, आणि ती इतर कोणाच्याही खुणेइतकीच चाले. आमच्या मते ही फार मोठी गोष्ट होती. ती ध्यानात ठेवूनच आपल्याला चांद्याकडे वळावयाचे आहे.

चांद्याच्या गोंड राजांची खूण आजही शहराच्या वेशीवर दिसते. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या दरवाजांवरून जाणाराने मान वर केली, तर हत्तीला पायांखाली घेतलेला सिंहासारखा प्राणी दगडात कोरलेला आढळतो. तो वेशीवरचा शिक्काच म्हणावयाचा. फरक इतकाच की, तो कोठे उमटवायचा नसल्यामुळे उलटा कोरावा लागला नाही. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८१८ मध्ये इंग्रजांनी ते जिंकले, १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले. राजे बदलले, वेशीवरची खूण राहिली. पण पुढे या मुलखात ज्या शिक्क्याने खरी सत्ता चालविली तो दरवाजावर नव्हता, तो जंगलात होता.

हा शिक्का म्हणजे वनखात्याचा हातोडा. हिंदुस्थानात वनखाते १८६४ साली स्थापन झाले आणि आलापल्ली-अहेरीकडच्या सागवानावर सरकारची नजर पक्की बसली. ज्यांनी हा हातोडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. दिसायला तो साधाच पोलादी हातोडा. परंतु त्याच्या तोंडावर अक्षरे किंवा चिन्ह उठावात आणि उलटे कोरलेले असते. तोडीसाठी निवडलेल्या झाडाची साल दोन ठिकाणी तासतात, एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा अगदी बुडाशी. तासलेल्या उघड्या लाकडावर क्रमांक घालतात आणि हातोडा मारतात. येथे शाई नाही, लाख नाही. लाकूडच दबते आणि अक्षर उमटते. वरची खूण झाडाबरोबर जाते, बुडाची खूण थुटावर राहते. थुट म्हणजे तोडीनंतर जमिनीत उरलेला खुंट. पुढे कोणी तपासायला आला, तर थुटावरची खूण सांगते की हे झाड रीतसर पडले. खूण नसेल, तर ते चोरीचे. पुढे ओंडक्यांच्या तोंडावर पुन्हा ठसा, आणि मग परवाना घेऊन लाकूड आगाराकडे निघते. मोर्तब आणि सांध्यावरचे ठसे जे काम कागदावर करीत, तेच काम हा हातोडा झाडावर करतो.

कायद्याने या हातोड्याभोवती भक्कम कुंपण घातले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात लाकडावरच्या मालकी-खुणांची नोंदणी कशी करावी, एका माणसाला किती खुणा नोंदविता याव्यात, इतकेच नव्हे तर खुणा करण्याचा हातोडा जवळ बाळगावा की नाही, याविषयीही नियम करण्याचे अधिकार सरकारला दिलेले आहेत. खोटी खूण करणे किंवा खरी खूण पुसणे याला मूळ कायद्यात दोन वर्षांपर्यंतची कैद होती. नदीतून वाहत आलेले किंवा बेनोंदणी खुणेचे लाकूड, कोणी हक्क शाबीत करीपर्यंत, सरकारचे मानले जाई. त्याच कायद्याच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबू हे झाड होते, आणि खुंटसुद्धा झाडच! कायदे लिहिणाराला वनस्पतिशास्त्र येत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. त्याला काय हवे होते ते त्याला नेमके ठाऊक होते.

याचा परिणाम असा झाला की, ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावर, त्या रानातल्या गोंड-माडिया गावांची त्या लाकडावर कोणतीच चालणारी खूण उरली नाही. लाकूडतस्करी आम्हांला ठाऊक नाही असे नाही. खुणेवाचून जंगल राखता येत नाही, हेही आम्ही मान्य करतो. प्रश्न खूण असावी की नसावी हा नव्हताच. ती कोणाच्या हाती असावी, हा होता.

१९८२ मध्ये गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव आहे. देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे तेथे वर्षानुवर्षे एकत्र बसून, सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा करून गावचे निर्णय घेत आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती. म्हणजे बांबू आपला आणि तो वेशीबाहेर नेण्याची मोकळीक मात्र दुसऱ्याची. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, नियमच सुधारले गेले आणि गौण वनोपजाचा परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यावा असे ठरले. महजरातला नांगर नाहीसा झाल्यावर फार वर्षांनी गावाची खूण पुन्हा चलनात आली.

आता आमची एक सूचना आहे. ती कोणाला पोरकट वाटली तरी चालेल. ग्रामसभांचे रबरी शिक्के बहुधा तालुक्याच्या दुकानात तयार होतात. सगळे एकाच साच्याचे, वर्तुळात नाव, खाली तालुका-जिल्हा. व्यवहाराला तो पुरेसा आहे. पण त्याच्या जोडीला गावाने आपली एक खूण स्वतः कोरावी: मोहाचे पान, बांबूचे पेर, किंवा गावाला जे आपले वाटेल ते. त्याला दुकान लागत नाही. चित्रकलेच्या तासाला भेंडीचे नि बटाट्याचे ठसे आपण सर्वांनीच केले आहेत. तीच विद्या खोडरबरावर चालते. (खोडरबरातले खोड झाडाचे नव्हे, खोडण्याचे, रबराने पेन्सिलीची रेघ पुसते, ही गोष्ट प्रीस्टलीने १७७० मध्ये नमूद करून ठेवली आहे.)

कृती अशी. कागदावर मऊ पेन्सिलीने खूण ठळक काढावी, कागद रबरावर पालथा घालून नखाने घासावा. चित्र आपोआप उलटे उतरते. मग धारदार पात्याने रेघेच्या कडेने कापावे, पण पाते बाहेरच्या बाजूला कलते धरावे. रेघ बुडाशी रुंद राहिली तरच ती टिकते. आतून पोखरली गेली, तर दहाव्या ठशाला मोडते. देवनागरी अक्षरे कोरताना शिरोरेखा शेवटी मोकळी करावी. अनुस्वार आणि क, अ यांच्या पोटातली पोकळी यांना फार जपावे, कारण पाते घसरते ते तेथेच. पहिला ठसा नीट उमटत नाही. मोकळ्या जागेत जेथे जेथे शाई लागलेली दिसेल तेथला उंचवटा कापून काढावा, आणि पुन्हा उठवून पाहावे.